थोडक्या खर्चांत घरचें चित्रगृह
(आकाशवाणीवरील भाषण)

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना नवल वाटेल. ज्यानें सारा जन्म फळा, खडू आणि हजेरीपट यांच्या संगतींत काढला, त्या माणसानें स्पीकर, रिसीव्हर आणि सबवूफर यांवर बोलावें हें कांहींसें विचित्रच आहे. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मीं शिक्षकाचा पेशा पत्करला आणि जवळजवळ चाळीस वर्षें मिरजेच्या आसपासच्या खेड्यांतून मुलांना शिकवून २०१६ सालीं निवृत्त झालों. तथापि गेल्या चार वर्षांत, घरीं बसून चित्रपट नीट ऐकूं यावा म्हणून मीं बरीच खटपट केली. त्या खटपटींत चुका केल्या, थोडे पैसे वायां घालविले आणि कांहीं शिकलोंही. शिकलेलें दुसऱ्यास सांगावें ही आम्हां मास्तरांची जुनीच खोड आहे. ती आज आपण गोड मानून घ्यावी.

प्रथम या खटपटीचें कारण सांगतों. संध्याकाळीं दिवाबत्ती झाली म्हणजे दोघांनीं बसून एखादा जुना मराठी चित्रपट पाहावा, हा आमच्या घरचा अनेक वर्षांचा नेम. परंतु २०२१ च्या पावसाळ्यांत माझ्या ध्यानांत आलें कीं, टीव्ही लावला म्हणजे आमची सौभाग्यवती कांहींतरी निमित्त काढून स्वयंपाकघरांत जाते. मीं आवाज वाढविला. ती थोडा वेळ बसली आणि पुन्हां उठली. शेवटीं एके दिवशीं मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "अहो, ऐकूं येतं हो, पण बोललेलं कळत नाहीं. नुसता गोंगाट वाटतो. तुम्ही बघा, मी आपली भाजी निवडते."

तिचें हें वाक्य मला फार लागलें. आवाज ऐकूं येतो आणि शब्द कळत नाहींत, हें कसें? कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी केली, तेव्हां त्यांनीं उलगडा केला. वय वाढतें तसे कान प्रथम उंच स्वरांना मुकूं लागतात. आपल्या बोलण्यांतील अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टींतले आणि जोरकस असतात; ते ऐकूं येतात. परंतु स, श, त, थ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती सेकंदाला सुमारें २,००० ते ८,००० कंपनांच्या बारीक ध्वनीवरून. आणि हा ध्वनि मुळांतच दुबळा असतो. व्यंजनें गळालीं म्हणजे वाक्याचें फक्त मांस उरतें आणि हाडें नाहींशीं होतात. डॉक्टरांनीं श्रवणयंत्र सुचविलें आणि तें आम्हीं घेतलेंही. परंतु त्यांनीं आणखी एक गोष्ट बजाविली. यंत्र कानांत असलें तरी समोरचा आवाज स्वच्छ नसेल आणि खोली घुमत असेल, तर यंत्र त्या घुमण्यालाही मोठें करतें. म्हणून श्रोतेहो, माझी पहिली विनंति ही कीं, घरांतील वडील माणूस टीव्हीसमोरून उठून जाऊं लागलें, तर आधीं त्याचे कान तपासून घ्या, मग यंत्रांच्या दुकानाकडे वळा.

आतां टीव्हीचा आवाज असा निकृष्ट कां, तें पाहूं. मिरजेंत तंबोरे करणारांचीं घराणीं आहेत. त्यांच्याकडे जाऊन पाहिलें म्हणजे एक गोष्ट सहज पटते. नुसती तार छेडली तर तिचा नाद चिलटासारखा बारीक येतो. तिच्याखालीं भोपळा आला कीं तोच नाद भरून उठतो. पूर्वीचे टीव्ही खोक्याएवढे होते आणि त्यांत बऱ्यापैकीं स्पीकरास जागा होती. हल्लींचा टीव्ही पाटीसारखा चपटा झाला, चित्र मोठें झालें, आणि त्या भानगडींत त्याचा भोपळाच नाहींसा झाला! त्यांतून त्याचे चिमुकले स्पीकर बहुधा खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेले असतात. म्हणजे बोलणारा नट आपल्याकडे पाहतो, पण त्याचा आवाज भिंतीकडे पाहतो.

हें सर्व मला नंतर कळलें. आधीं मीं काय केलें, तर २०२१ च्या दिवाळींत एका दुकानांतून एक मोठें खोकें घरीं आणलें. त्यांत पांच लहान स्पीकर, एक जाडा स्पीकर आणि एक डबा असें सर्व एकत्र होतें आणि त्यावर हजारों वॅटचा आंकडा छापलेला होता. किंमत ७,५०० रुपये. घरीं लावलें तेव्हां भांड्यांची मांडणी हालूं लागली, पण शब्द कांहीं कळेनात. माझा एक जुना विद्यार्थी अशीं यंत्रें दुरुस्त करतो. त्यानें खोकें पाहिलें आणि तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आम्हांला एकक विचारल्याशिवाय उत्तराला गुण देत नव्हतां. मग या वॅटचं एकक तुम्हीं कां नाहीं विचारलंत?"

मी ओशाळलों. त्यानें समजाविलें तें असें. खोक्यावरील आंकड्यापुढें पीएमपीओ अशीं अक्षरें असलीं, तर तो आंकडा क्षणभर निघूं शकणाऱ्या जोराचा असतो. त्यास कोणतेंही सर्वमान्य माप नाहीं. सतत मिळणारी शक्ति आरएमएस या मापानें सांगतात, तेवढीच पाहावी. शिवाय शक्ति दुप्पट केली म्हणजे आवाज दुप्पट होतो, हाही भ्रम आहे. दुप्पट शक्तीनें आवाज केवळ ३ डेसिबलनें वाढतो आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाला असें कानाला वाटावयास शक्ति सुमारें दसपट लागते. साधा बरा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. माणसाचें साधें बोलणें ६० डेसिबलच्या आसपास असतें. म्हणजे घरांतील बैठकीला बहुतेक वेळ एकदोन वॅट पुरतात! तें खोकें मीं १,५०० रुपयांस विकलें. ६,००० रुपये ही माझ्या शिक्षणाची फी झाली असें मी मानतों.

"मग आतां काय घेऊं?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "आधीं कांहींच घेऊं नका. आधीं खोली नीट करा." श्रोतेहो, या एका वाक्याची किंमत कोणत्याही यंत्राहून अधिक आहे.

मी मुलांच्या सहली घेऊन विजापुरास अनेकदां गेलों आहें. गोलघुमटाच्या वरच्या सज्जांत उभें राहून मुलांनीं टाळी वाजवावी आणि ती पुन्हां पुन्हां परत यावी, यांत मोठी मौज आहे. परंतु त्याच सज्जांत उभें राहून मीं मुलांना इतिहास सांगण्याचा प्रयत्न केला, तेव्हां कोणालाच कांहीं कळलें नाहीं. एका शब्दाचें शेंपूट दुसऱ्या शब्दाच्या डोक्यावर पडत होतें. आपल्या हल्लींच्या दिवाणखान्यांत गोलघुमटाचीच लहान आवृत्ति असते. खालीं गुळगुळीत फरशी, वर सिमेंटचें छत, चारी बाजूंस उघड्या भिंती, समोर कांचेची खिडकी. आवाज कोठें जिरतच नाहीं.

या विषयाचें शास्त्र ज्यानें घडविलें, त्याची हकीकत मनोरंजक आहे. १८९५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत एक नवें व्याख्यानगृह बांधलें गेलें आणि त्यांत व्याख्यान समजेना. एकदां उच्चारलेला शब्द त्या रिकाम्या दालनांत सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळे. वॉलेस सबाइन नांवाच्या तरुण अध्यापकाकडे हें काम सोंपविण्यांत आलें. तो रात्रींच्या शांत वेळीं दुसऱ्या नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या उचलून आणी, त्या दालनांत पसरी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि आवाज विरावयास किती वेळ लागतो तें घड्याळानें मोजी. जितक्या गाद्या अधिक, तितका आवाज लवकर विरे. त्यांतून त्यानें जो नियम काढला, तो आजही जगभर सभागृहें बांधतांना वापरतात. सबाइननें गाद्या वापरल्या. आपल्याकडे गोधड्या आहेत!

मीं काय केलें तें सांगतों. टीव्ही आणि बैठक यांच्यामध्यें जाड सतरंजी अंथरली. खिडकीस पातळ पडद्याऐवजीं जाड कापडाचा पडदा, चुण्या पडतील असा ऐसपैस शिवून लावला. आंतल्या खोलींत धूळ खात पडलेलें पुस्तकांचें कपाट बैठकीच्या मागच्या भिंतीशीं आणलें. लहानमोठ्या पुस्तकांनीं भरलेलें कपाट आवाजाला विखरून टाकतें. बैठक मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढें ओढली. या सगळ्यास मिळून १,७०० रुपये लागले. मग टीव्हीच्या ध्वनिविषयक पर्यायांत जाऊन संवाद स्पष्ट करणारा पर्याय निवडला. आपण टाळी वाजवून पाहावी. टाळीनंतर खोली झणझणली नाहीं, म्हणजे बरेंच काम झालें असें समजावें. त्या रात्रीं सौभाग्यवती अर्धा चित्रपट बसली.

आतां यंत्रांकडे वळूं. येथें क्रम महत्त्वाचा आहे. जो भाग पुढें सर्व स्पीकरांना सांभाळणार, तो आधीं घ्यावा. स्पीकर मात्र एकेक घ्यावे. या मध्यवर्ती यंत्रास रिसीव्हर म्हणतात. पांच स्पीकर व एक सबवूफर यांची सोय असलेला, परंतु वापरलेला रिसीव्हर मीं २०२२ सालीं ११,००० रुपयांस घेतला. वापरलेलें यंत्र घेतांना प्रत्येक स्पीकराचें तोंड लावून वाजवून पाहावें, आवाजाचें बटण फिरवितांना खरखर होते काय तें ऐकावें, आणि टीव्हीशीं जोडावयाच्या एचडीएमआयच्या तोंडाजवळ एआरसी हीं अक्षरें आहेत ना, हें अवश्य पाहावें. ही सोय २००९ सालापासून आली. तिच्यामुळें टीव्हीवर जें कांहीं लागेल त्याचा आवाज एकाच तारेनें उलट रिसीव्हरांत येतो. टीव्हीवरही एआरसी लिहिलेल्या तोंडांतच ती तार घालावी आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद करावा.

रिसीव्हराच्या माथ्यावर हवेला वाट असते. आमच्या घरीं त्यावर विणलेला सुंदर रुमाल घालण्यांत आला आणि दुसऱ्याच दिवशीं यंत्र तापून मध्येंच बंद पडलें. रुमाल काढला, वर वीतभर जागा मोकळी ठेवली, तेव्हांपासून कांहीं तक्रार नाहीं. वापरलेला रिसीव्हर घेतांना मागच्या बाजूस ओहमचा आंकडाही वाचावा. तो सांगतो त्याहून कमी ओहमचे स्पीकर जोडल्यास यंत्रावर ताण पडतो.

त्याच वर्षीं ८,५०० रुपयांस पुस्तकाच्या कपाटांत मावतील अशा आकाराचे दोन लांकडी स्पीकर घेतले. दोनच कां, याचें उत्तर इतिहासांत आहे. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' लागला आणि आपला चित्रपट बोलूं लागला. पुढच्याच वर्षीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी बोलपट जन्मला. त्या काळीं आवाज एकाच वाटेनें येई. योगायोग असा कीं, त्याच १९३१ सालच्या डिसेंबरांत ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें दोन वाटांनीं आवाज टिपून ऐकविण्याच्या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तिचेंच पुढें स्टिरिओ झालें. आपणांस दोन कान आहेत. दोन ठिकाणांहून आलेल्या आवाजांतील सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ठरवितो.

या दोन स्पीकरांची मांडणी भूमितीच्या पहिल्या धड्यांत बसते. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा. आमची खोली अकरा फूट रुंद व पंधरा फूट लांब. मीं दोन स्पीकर सात फूट अंतरावर ठेविले आणि बैठक त्यांच्यापासून तितक्याच अंतरावर घेतली. स्पीकरांतील लहान गोल भाग, जेथून उंच स्वर निघतात, तो बसल्यावर कानाच्या उंचीस यावा. कारण उंच स्वर सरळ रेषेंत जातात, आणि आमची सारी लढाई त्या उंच स्वरांसाठींच होती. तार म्हणाल तर बाजारांत फार महागड्या तारा दाखवितात. दहा मीटरपर्यंतच्या अंतराला दीड चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची जोडतार पुरते.

येथें मीं एक चूक केली, ती आपण करूं नये. एका स्पीकराची तांबडी व काळी तार मीं उलट जोडली. एक स्पीकर पुढें ढकली तेव्हां दुसरा मागें ओढी. परिणाम असा झाला कीं, आवाजांतील भरीवपणा गेला आणि बोलणारा नट समोर आहे कीं बाजूस, तेंच कळेना. दोन दिवस मी यंत्राला दोष देत होतों. दोष यंत्राचा नव्हता, मास्तरांचा होता. तांबड्यास तांबडी, काळ्यास काळी. हें पहिलीच्या मुलासारखें मोठ्यानें म्हणत जोडावें.

दोन स्पीकरांनीं संगीताची बहार आली. परंतु संवादाची एक अडचण राहिली. दोन स्पीकरांत मधोमध बसलेल्यालाच नट मध्यें बोलतो असें वाटतें. एका बाजूस बसणाराला जवळच्या स्पीकराचा आवाज आधीं पोहोंचतो आणि सारें बोलणें त्या कोपऱ्यांतून येतें असें भासतें. आम्ही बसणारे दोघे, आणि मधली जागा एक! म्हणून २०२३ सालीं ५,५०० रुपयांस मधला स्पीकर घेतला. तो टीव्हीच्या अगदीं खालीं, तोंड किंचित वर करून, कपाटाच्या कडेशीं पुढें ओढून ठेविला. पांच वाटांच्या योजनेंत चित्रपटाचे बहुतेक संवाद याच मधल्या वाटेनें येतात. म्हणून रिसीव्हराच्या पर्यायांत जाऊन केवळ मधल्या स्पीकराचा आवाज ३ डेसिबलनें वाढवितां येतो. गाणें, पाऊस, घोड्यांच्या टापा आहेत तितक्याच राहतात आणि बोलणें तेवढें पुढें येतें. ज्यांच्या घरीं कोणाला कमी ऐकूं येतें, त्यांनीं माझ्या मतें दोन स्पीकरांनंतरचा पैसा प्रथम येथेंच खर्चावा.

जुन्या चित्रपटांविषयीं एक सूचना. त्यांचा आवाज एकाच वाटेचा आहे. रिसीव्हरांत सभागृह, क्रीडांगण अशा नांवांचे पर्याय असतात, ते निवडले कीं त्या बिचाऱ्या आवाजाला खोटा घुमारा चढतो. तसें न करितां, एकवाटी आवाज मधल्या स्पीकरांत नेणारा पर्याय निवडावा. जुना चित्रपट जुन्यासारखाच, पण स्वच्छ ऐकूं येतो.

मग आला सबवूफर, २०२३ च्या दिवाळींत, ९,००० रुपयांस. त्याचें काम फक्त खोल, खर्जांतले ध्वनि देण्याचें. लहान स्पीकरांना ते पेलत नाहींत. रिसीव्हरांत सेकंदास ८० कंपनें ही सीमा ठरवावी. तिच्या खालचे ध्वनि सबवूफराकडे, वरचे इतरांकडे. खोल ध्वनि कोणत्या दिशेनें येतो हें कानाला कळत नाहीं, म्हणून एकच सबवूफर पुरतो. परंतु तो कोठें ठेवावा यांत मोठी गोम आहे. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर. ८० नें भागिलें तर एका लाटेची लांबी सुमारें ४.३ मीटर, म्हणजे चौदा फूट येते. जवळजवळ आमच्या खोलीएवढीच! अशा लाटा भिंतींवर आपटून परत येतात, कोठें एकमेकींवर चढतात आणि कोठें एकमेकींना मारतात. त्यामुळें एका जागीं खर्ज दणदणतो, दोन हात सरकलें कीं गायब होतो.

यावर उपाय मजेदार आहे. सबवूफर तात्पुरता आपल्या बैठकीच्या जागीं ठेवावा, मृदंगाचें किंवा पखवाजाचें वादन लावावें, आणि आपण भिंतीकडेनें रांगत जावें. जेथें ठोका भरीव, पण आटोपशीर ऐकूं येईल, तेथें सबवूफराची कायमची जागा. सदुसष्टीकडे झुकलेल्या आजोबांना रांगतांना पाहून नातू पोट धरधरून हंसला. पण जागा अचूक सांपडली.

परंतु ती जागा शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीशीं होती. तिसऱ्या दिवशीं शेजारचे गृहस्थ आले. फार सौम्यपणें म्हणाले, "मास्तर, आईला रात्रीं छातींत धडधडल्यासारखं होतं. म्हटलं, तुमच्याकडे कांहीं चालूं आहे काय?" त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या. मला शरमेनें मान वर करवेना. एका वृद्ध बाईला ऐकूं यावें म्हणून दुसऱ्या वृद्ध बाईची झोंप मीं घेतली होती. उंच स्वर भिंत अडविते. खोल स्वर भिंतींतून, जमिनींतून सरळ पलीकडे जातात. आपल्या खोलींत जें गोड वाटतें, तें शेजारीं नुसता धक्का म्हणून पोहोंचतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. परंतु नियमाच्याही आधीं शेजारधर्म आहे. मीं सबवूफर समोरच्या भिंतीशीं दुसऱ्या क्रमांकाच्या जागीं नेला, खालीं जाड रबराची चटई घातली, त्याचा जोर निम्म्याहून कमी केला आणि रात्रीं नवाला तो बंद करण्याचा नियम घातला. रिसीव्हरांत रात्रीसाठीं एक पर्याय असतो, त्यानें मोठे आवाज दबतात आणि हळू संवाद वर येतात, तोही लावला. मग शेजाऱ्यांच्या घरीं जाऊन बसलों, आमच्या घरीं चित्रपट लावावयास सांगितलें, आणि त्यांच्या मातोश्रींच्या पलंगाशेजारीं बसून स्वतः ऐकलें. कांहीं ऐकूं आलें नाहीं, तेव्हांच मला समाधान वाटलें. सबवूफर घेणाऱ्या प्रत्येकानें ही परीक्षा द्यावी असें माझें आग्रहाचें सांगणें आहे.

शेवटचे दोन स्पीकर बाजूमागचे. चित्रगृहांत चारी बाजूंनीं आवाज देण्याचा पहिला मोठा प्रयोग १९४० सालीं वॉल्ट डिस्नेच्या 'फँटॅसिया' या चित्रपटासाठीं झाला. आज ज्यास आपण पांच-एक म्हणतों, त्या अंकांत सांठविलेल्या पद्धतीचा एक प्रकार चित्रगृहांत १९९२ सालीं 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर आला. घरीं हे दोन स्पीकर सर्वांत शेवटीं घ्यावे. कारण त्यांत पाऊस, गर्दी, पक्षी असे आसपासचे आवाज असतात, संवाद जवळजवळ नसतातच. मीं ते २०२५ सालीं ४,५०० रुपयांस वापरलेले घेतले. समोर तोंड करून बसलें असतां दोन्ही बाजूंस, खांद्याच्या रेषेच्या किंचित मागें, कानापेक्षां हातभर उंच, अशी त्यांची जागा.

सर्व स्पीकर लागले म्हणजे रिसीव्हरासोबत येणारा छोटा मायक्रोफोन बैठकीवर कानाच्या उंचीस ठेवावा आणि खोलींत शांतता राखावी. यंत्र प्रत्येक स्पीकरांतून सूचक ध्वनि काढून अंतर व जोर मोजतें. ध्वनीला एक मीटर जावयास एका सेकंदाचा सुमारें हजारांश भाग तीनदां लागतो; जवळचा स्पीकर तितका थांबवून यंत्र सर्वांना एकाच वेळीं कानाशीं आणतें. सर्व मुलांनीं एका सुरांत पाढे म्हणावे म्हणून आम्ही छडी आपटीत असूं. हा त्यांतलाच प्रकार. आणि ओंठ आधीं हालतात, शब्द मागून येतो असें झाल्यास, किंवा उलट झाल्यास, ध्वनि मागेंपुढें करण्याचा पर्यायही यंत्रांत असतो.

आतां हिशेब. रिसीव्हर ११,०००, पहिले दोन स्पीकर ८,५००, मधला ५,५००, सबवूफर ९,०००, मागचे ४,५००, तारा १,८००, सतरंजी व पडदा १,७००, आणि पहिल्या चुकीचे ६,०००. एकूण ४८,००० रुपये. चार वर्षांच्या महिन्यांनीं भागिलें तर महिना १,००० रुपये. पेन्शनवाल्याला एकदम ४८,००० काढणें शक्य नव्हतें. महिना हजार शक्य झालें. आणि हळूहळू घेण्यांत आणखी एक लाभ झाला. प्रत्येक वस्तु आल्यावर सहा-आठ महिने तिच्यासह राहिल्यामुळें काय उणें आहे तें कानानें सांगितलें, दुकानदारानें नव्हे.

परंतु श्रोतेहो, या वाटेवर एक खड्डा आहे, आणि मी त्याच्या कांठापर्यंत जाऊन आलों आहें. मागचे स्पीकर लागल्यावर मी रात्रीं चित्रपट पाहावयाऐवजीं चित्रपटांतील आवाज पाहूं लागलों. मध्येंच थांबवावें, बटण फिरवावें, तीच पावसाची सर पुन्हां लावावी. छतांतून आवाज देणाऱ्या आणखी दोन स्पीकरांच्या किंमती मी काढूं लागलों. तेव्हां एके रात्रीं सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आतां मला सगळं कळतंय. पण तुम्ही गोष्ट पुरी होऊंच देत नाहीं." मी चटकन् थांबलों. ज्या माणसासाठीं हा खटाटोप मांडला, त्याला आतां आवाजाची नव्हे, तर निमूटपणें शेजारीं बसणाऱ्या माणसाची गरज होती. त्या दिवसापासून रिसीव्हराचें दूरनियंत्रक तिच्या हातीं आहे आणि छताचा विचार मीं सोडून दिला आहे.

सारांश इतकाच. आधीं कान तपासा, मग खोली नीट करा. मोठ्या आंकड्यांना भुलूं नका. पुढें वाढतां येईल असा रिसीव्हर, मग दोन चांगले स्पीकर, मग मधला, मग सबवूफर, शेवटीं मागचे. आणि प्रत्येक पायरीवर, येथें थांबलें तर चालेल काय, हा प्रश्न मनाला विचारा. पुष्कळांना तिसऱ्या पायरीवर थांबतां येईल, आणि थांबावें.

आमच्या घरीं संध्याकाळचा नेम पुन्हां सुरूं झाला आहे. भाजी आतां ती बैठकीवरच निवडते, आणि एखादा विनोदी संवाद आला कीं माझ्या आधीं हंसते.